लाल्या, शाखावाला आणि सेवादलवाला

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. एक-दोघांनी फोन करून विचारलंसुद्धा, "सर, तब्येत बरी आहे ना?" तब्येत बरी आहे. लिहावंसं वाटत नव्हतं, इतकंच.

दीड महिन्यापूर्वी आमचा सेवादलवाला गेला. (नाव लिहीत नाही. घरच्यांना आणि जुन्या विद्यार्थ्यांना कळेलच कोण ते.) कॉलेजपासून आम्हा तिघांना एकमेकांनी ठेवलेली नावं होती. तो सेवादलवाला, दुसरा शाखावाला आणि मी लाल्या. पंचाहत्तरीला टेकलो तरी फोन उचलला की पलीकडून "काय रे लाल्या!" अशीच सुरुवात व्हायची. आता त्यातला एक आवाज कमी झाला.

दिवस-वार काही करू नका, असं त्याने लिहून ठेवलं होतं. म्हणून त्याच्या गच्चीवर पंधरा-वीस जण नुसतेच जमलो. चहा झाला, आठवणी झाल्या. निघताना त्याची मुलगी जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "काका, बाबा म्हणायचे की लाल्याशी भांडल्याशिवाय माझा आठवडा पुरा होत नाही. पण तुम्ही कम्युनिस्ट झालात कसे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. म्हणायचे, त्यालाच विचार."

जिन्यात उभ्या उभ्या मी तिला अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी तोंडातून निघाली नाही. ती आज लिहितो.

आमचं बालपण सोलापूरच्या पूर्व भागातलं. गिरणीच्या भोंग्यावर उठायचं, मागांच्या खडखडाटात अभ्यास करायचा. गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी अशा तिन्ही भाषा एकाच नळावर भांडायच्या. आमच्या शेजारी एक पद्मशाली कुटुंब होतं. नवरा मागावर, बायको विड्या वळायची. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. मला ती "तम्मुडू" म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ.

विडीचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा मोजून-तोलून घरी आणायचा. पानं भिजवून ठेवायची, मापाने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन वळत बसायचं. मजुरी हजार विड्यांवर. अक्काची बोटं इतकी चालायची की ती माझ्या आईशी गप्पा मारायची, पोराला ओरडायची, चुलीवर नजर ठेवायची आणि बोटं आपली चालूच! पानं फाटकी निघाली आणि हजार भरेनात, तर पदरच्या पैशाने बाजारातून पानं आणून भरायची. दुसऱ्या दिवशी माल कारखान्यात नेला की तपासनीस विड्या बघायचा आणि वाईट म्हणून काही बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणायचे. छाटीचे पैसे नाहीत आणि छाट परतही नाही.

१९७० सालची गोष्ट. मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. अक्काला ताप होता म्हणून तिची विड्यांची टोपली घेऊन मी गेलो. रांगेत सगळ्या बायका, त्यात मी एकटा मिशी फुटलेला पोरगा! तपासनीसाने मूठभर विड्या उचलल्या, धड बघितल्याही नाहीत, आणि बाजूच्या डब्यात टाकल्या. पुन्हा मूठ, पुन्हा डबा. मी विचारलं, "यात वाईट काय आहे?" तो म्हणाला, "कॉलेजात शिकवतात का विड्या?" रांगेतल्या बायका हसल्या. मलाही हसल्यासारखं करावं लागलं.

घरी येऊन मी अक्काचं नोंदीचं पुस्तक मागितलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ते कधी कोणी नीट बघितलंच नव्हतं. मी वहीचा एक कागद फाडून दोन महिन्यांची बेरीज केली. रोज साठ-सत्तर विड्या छाट, शिवाय पदरच्या पानांचा खर्च. दर महिन्याला तिचे दीड-दोन दिवसांचे श्रम त्या डब्यात जात होते. आणि तो डबा काही उकिरड्यावर जात नव्हता. त्याच विड्या पुढे विकल्या जात होत्या, हे गल्लीतलं शेंबडं पोरही जाणत होतं.

मी तो आकडा अक्काला सांगितला. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "ते ठाऊक आहे रे तम्मुडू. किती ते ठाऊक नव्हतं."

माझ्या कम्युनिस्ट होण्याची हीच सुरुवात. तोवर मी मार्क्सचं एक अक्षर वाचलेलं नव्हतं. विडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्राने कायदा केला होता आणि नाकारलेल्या विड्यांवरून वाद झाला तर दाद मागायची सोय त्यात होती, हेही मला लाल बावट्याच्या सभेत कळलं. अक्काला घेऊन मीच त्या सभेला गेलो होतो. कायदा आहे, पण तो वाचून दाखवणारा माणूस गल्लीत नाही, हे बघून मी चक्रावलो. मग मी वाचून दाखवणारा झालो. संध्याकाळी कंदिलाशेजारी आठ-दहा बायका आपापली पुस्तकं घेऊन बसायच्या आणि मी बेरजा करायचो. माझ्या मास्तरकीची सुरुवातही तीच म्हणा ना.

पुस्तकं नंतर आली. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तेव्हा नुकतंच आलं होतं. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची ती हकिगत. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले म्हणून नवरा-बायको दोघं जन्मभर त्याच्या घरी राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. मालकाची वेठ करायची, त्याला मजुरी नाही. १९४५ साली शामराव आणि गोदूताईंनी किसान सभेतर्फे त्या लोकांना उभं केलं आणि वेठ बंद पाडली. ते वाचताना मला राहून राहून अक्काची रांग दिसायची. पुढे अभ्यासवर्ग झाले, कम्युनिस्ट जाहीरनामा झाला, स्वस्तात मिळणारी रशियन पुस्तकं झाली. 'सोव्हिएत देश'चे अंक घरी यायचे. त्याच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं पोरांच्या वह्यांना फार छान बसायची. (आमच्या घरात त्या मासिकाचा खरा वाचक कोणी असेल तर तो मीच. बाकी सगळे कव्हरवाले!)

आता कट्ट्याबद्दल. आम्ही तिघं रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसायचो. सेवादलवाला साने गुरुजींच्या वाटेवरचा, शाखावाला रोज पहाटे दक्ष-आरम करून आलेला आणि मी नवा नवा लाल. नवा मुल्ला जास्त बांग देतो म्हणतात तसं माझं होतं. कशावरही वाद व्हायचा. जमीन कसणाऱ्याची की राष्ट्राची? आधी जात जाते की आधी वर्ग? सेवादलवाला हमखास १९६८ काढायचा. "प्रागमध्ये रणगाडे कशाला घातले रे तुमच्या रशियाने? तिथले कामगार काय जमीनदार होते?" मी साम्राज्यवाद, प्रतिक्रांती असे मोठमोठे शब्द काढायचो. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "लाल्या, अक्काचा हिशोब सांगताना तू असे शब्द वापरत नाहीस."

हे वाक्य मला फार लागायचं, कारण त्याला उत्तर नव्हतं.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही तिघंही एकाच खडी केंद्रावर जायचो. कोणी हजेरीपट तपासायला, कोणी पाण्याची सोय बघायला. तिथे वाद बंद असायचा. संध्याकाळी धुळीने पांढरे होऊन परत आलो की पुन्हा सुरू.

मग मला मास्तरकी मिळाली. सेवादलवाला दुसऱ्या शाळेत लागला, शाखावाला बँकेत. आणि आली आणीबाणी.

२५ जून १९७५ च्या रात्री ती जाहीर झाली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने, म्हणजे मी ज्याचा होतो त्या पक्षाने, तिला पाठिंबा दिला. आमचं म्हणणं असं की जयप्रकाशांच्या मागे उजव्या शक्ती जमल्या आहेत आणि त्यांना रोखायला हे आवश्यक आहे. १ जुलैला वीस कलमी कार्यक्रम आला. त्यात वेठबिगारी रद्द करण्याचं कलम होतं. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. गोदूताईंच्या पुस्तकातली ती लग्नगडी माणसं! त्यांच्यासाठी दिल्लीहून कायदा येतोय, आणि हे माझे मित्र भाषणस्वातंत्र्य भाषणस्वातंत्र्य करत बसलेत! १९७६ साली तो कायदा झालाही. मी मनाशी म्हटलं, झालं ना?

सेवादलवाल्याशी त्या आठवड्यात शेवटचं भांडण झालं. तो म्हणाला, "गेल्या वर्षी मे महिन्यात याच सरकारने रेल्वे कामगारांचा वीस दिवसांचा संप मोडून काढला. त्या संपात तुम्ही होतात, आम्ही होतो. ते सरकार वर्षभरात कामगारांचं झालं?" आणि पुढे म्हणाला, "तू ज्यांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपतोस त्या गोदूताई मार्क्सवादी पक्षात आहेत. त्यांचा पक्ष आणीबाणीच्या विरोधात आहे. जरा विचार कर." मी विचार केला नाही. मी त्याला म्हणालो, "तुम्ही लोक शेवटी शाखावाल्यांच्याच पंगतीला बसणार."

महिन्याभरात दोघंही मिसाखाली आत गेले. दोघंही येरवड्याला. पंगतीला बसणार म्हणालो होतो, ते असं खरं झालं. पुढे शाखावाला सांगायचा, आत त्यांची रोज वादावादी चालायची. आणि मी बाहेर! तलावाच्या काठी एक-दोनदा जाऊन बसलो. भांडायला कोणी नव्हतं. मग जाणं सोडलं.

आता ते राहून गेलेलं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सेवादलवाल्याची आई माझ्या घरी आली. विधवा बाई, तो एकुलता एक. जुना लुगड्याचा पदर आवळून दारातच बसली, आत ये म्हटलं तरी येईना. म्हणाली, "तुझा पक्ष सरकारच्या बाजूचा आहे म्हणतात. तू शिकलेला आहेस. त्याला दम्याचा त्रास आहे, ठाऊक आहे ना तुला? कोणाला तरी अर्ज लिहून दे. निदान औषध तरी पोचू दे."

एक अर्ज. ज्या माणसाने गल्लीतल्या पन्नास बायकांचे अर्ज लिहिले होते त्याच्याकडे एक अर्ज मागायला ती आली होती.

मी तिला चहा दिला आणि म्हणालो, "मावशी, काळजी करू नका. आत दवाखाना असतो. बघतो मी." पण मी काही बघितलं नाही. भीती होती का? होती. नोकरी नवीन होती, लग्न ठरत होतं. पण केवळ भीती म्हणालो तर ते खोटं होईल. मला त्या वेळी आतून असं वाटत होतं की हा काळ मोठ्या कामाचा आहे आणि मोठ्या कामात एकदोन माणसांचं असं होतंच. हे शब्द मी उच्चारले नाहीत, पण मनात हेच होतं. तपासनीस मूठभर विड्या न बघता डब्यात टाकायचा, तसंच मी त्याला टाकलं.

त्याच सहामाहीत मी नववीच्या पेपरात निबंधाला विषय दिला, 'अनुशासन पर्व'. विनोबांच्या नावाने तेव्हा तो शब्द सगळीकडे होता. पोरांनी भरभरून लिहिलं. एका मुलाने तेवढा विषय सोडून पावसाळ्यावर लिहिलं. त्याचा काका आत होता, हे मला ठाऊक होतं. मी त्याचे गुण कापले नाहीत. त्या दोन वर्षांतलं माझं शौर्य म्हणाल तर एवढंच!

मार्च १९७७ मध्ये निवडणुकीत सरकार पडलं आणि आणीबाणी उठली. सेवादलवाला त्याच्या थोडं आधीच सुटून आला होता. मी भेटायला गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार? एके दिवशी शाळा सुटली तर हा फाटकापाशी सायकल धरून उभा. निम्मा झाला होता. म्हणाला, "काय रे लाल्या, चहा पाज. दोन वर्षं चांगला चहा मिळालेला नाही." आम्ही चहा प्यालो. तो जेलमधल्या ढेकणांबद्दल बोलला, शाखावाल्याच्या घोरण्याबद्दल बोलला. आईबद्दल एक शब्द नाही.

१९७८ साली भटिंड्याच्या अधिवेशनात आमच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा देणं ही चूक होती असं मान्य केलं. पेपरमध्ये आलं त्या संध्याकाळी सेवादलवाला कट्ट्यावर म्हणाला, "पक्षाने मान्य केलं. लाल्याचं काय?" मी म्हणालो, "लाल्या शिस्तीतला आहे. पक्षाचं मत तेच लाल्याचं मत." तिघंही हसलो. तेव्हाच सांगायला हवं होतं. हसण्यावारी नेलं आणि पुढे सत्तेचाळीस वर्षं ते तसंच राहिलं. त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं का, मला माहीत नाही. ती माउलीही केव्हाच गेली.

१९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियन संपलं. मी चार दिवस कोणाला भेटलो नाही. शाखावाल्याने फोन करून "पेढे कधी देतोस?" म्हणून विचारलं. तो त्याचा स्वभाव, मनात काही नसतं. सेवादलवाला मात्र संध्याकाळी गरम भज्यांचा पुडा घेऊन घरी आला. वीस वर्षं ज्या रशियावरून माझ्याशी भांडला तो रशिया पडला होता, त्याचा प्रत्येक मुद्दा खरा ठरला होता. आणि तो रशियाचं नावसुद्धा काढेना! माझ्या मुलीचं गणित घेत बसला. निघताना म्हणाला, "अक्काच्या विड्यांचा हिशोब काही चुकलेला नाही, एवढं लक्षात ठेव."

मला वाटतं, त्या रात्री मी दुसऱ्यांदा कम्युनिस्ट झालो, या खेपेला कोणा देशाच्या भरवशावर नाही.

त्यानंतरही आमची भांडणं थांबली नाहीत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून किसान सभेचा मोर्चा मुंबईला चालत गेला. हजारो शेतकरी आणि आदिवासी, पायांना फोड आलेले. दहावीच्या पोरांची परीक्षा होती. सकाळी रस्ते अडले तर पोरं अडकतील, म्हणून ती दमलेली माणसं शेवटच्या रात्री न झोपता चालली आणि उजाडायच्या आत आझाद मैदानावर पोचली. जन्मभर परीक्षेच्या वर्गांवर उभा राहिलेला मास्तर मी. ते वाचून मला रडू आलं. सेवादलवाल्याने फोन केला आणि म्हणाला, "आज तुझ्या बावट्याला माझा नमस्कार." त्यावर शाखावाला, "चला, लाल्याला आज फुकट एक मार्क."

१९ जानेवारी २०२४ ला सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरमध्ये पंधरा हजार कामगारांची घरं पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. असंघटित कामगारांच्या तीस हजार घरांची ती योजना. आडम मास्तरांनी, म्हणजे मार्क्सवादी पक्षाच्या नरसय्या आडम यांनी, वर्षानुवर्षं लावून धरलेली. शाखावाला म्हणाला, "बघ, शेवटी घर द्यायला आमचाच माणूस लागला." मी म्हणालो, "आणि मागायला आमचा!" सेवादलवाला काठीवर हनुवटी ठेवून बसला होता. म्हणाला, "अरे, किल्ली कोणाच्या हातात पडली ते तरी बघा." त्याच भागात आधीच्या योजनेतली विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. अक्काच्या सुनेला तिथे घर मिळालं. अक्काने मात्र ते बघितलं नाही.

घरातली तरुण मंडळी कधी कधी विचारतात, "आजोबा, अजूनही तुम्ही तेच का?" हो, अजूनही तेच. दुसऱ्याच्या श्रमातून मूठभर काढून घेणारा हात दिसला की माझी बेरीज आपोआप सुरू होते. ती सवय मला लाल बावट्याने लावली आणि त्याचा मी ऋणी आहे. पण ज्या वर्षी मी स्वतःच ती बेरीज करायचं सोडलं, त्या वर्षी मला अडवणारे माझे दोन्ही मित्र तुरुंगात होते. आपल्या मताचे लोक आपल्याला घडवतात हे खरं, पण आपण वाहवत गेलो की बाही धरून ओढायला विरुद्ध मताचाच माणूस लागतो. मी त्याची बाही धरली नाही. त्याने माझी शेवटपर्यंत सोडली नाही.

तर पोरी, तू जिन्यात विचारलंस त्याचं हे पूर्ण उत्तर. तुझी आजी माझ्या दारात बसली होती आणि मी अर्ज लिहिला नाही. तुझ्या बाबांना हे सांगायचं राहिलं, म्हणून तुला सांगतो आहे. रागावलीस तरी चालेल.

रविवारी शाखावाल्याचा फोन आला होता. म्हणाला, "बागेत ये. दोघांत कसलं भांडण होणार म्हणा, पण ये." गेलो होतो. बाकावर मधली जागा सोडून बसलो आणि बराच वेळ तलावाकडे बघत राहिलो. मग त्यानेच महागाईचा विषय काढला.

असो. आज इथेच थांबतो.